गोरेपणाची क्रीम: ओळखावी कशी, थांबवावी कशी

लग्नसराई दोन महिन्यांवर आली की कोल्हापूरच्या शाहूपुरीतील आमच्या औषध दुकानात एक ठरावीक मागणी सुरू होते. "मामा, ती तोंडाला लावायची क्रीम द्या की, मागच्या खेपेला पोरीला लई फरक पडला बघा," असे म्हणत एखादी मावशी मोबाइलमधील फोटो पुढे करते. फोटोतील ट्यूबवर बारीक अक्षरांत तीन औषधांची नावे असतात: हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के आणि मोमेटासोन (दाह दाबणारे स्टेरॉइड) ०.१ टक्के. वांगाच्या डागांवर, त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, मोजक्या आठवड्यांपुरते वापरायचे हे मिश्रण आहे. मावशींच्या घरी मात्र मुलगी, तिची चुलत बहीण आणि अधूनमधून तिचा भाऊ असे तिघे जण ते पावडरीसारखे वापरत असतात. ज्या फरकाचे त्या कौतुक करतात, तो पहिल्या काही आठवड्यांचा असतो. त्यानंतरचा फरक दाखवायला त्या येतात, तेव्हा मुलीने स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढलेला असतो.

हा लेख त्या मावशींसाठी आणि त्या मुलींसाठी आहे. हातातील क्रीममध्ये काय आहे हे कसे ओळखावे, ती वापरात असेल तर कशी थांबवावी, आणि ज्या बोलण्यामुळे ती घरात येते त्या बोलण्याला काय उत्तर द्यावे, एवढेच त्यात सांगायचे आहे. त्यासाठी आधी आफ्रिकेकडे वळावे लागेल, कारण पारा, हायड्रोक्विनोन आणि स्टेरॉइड ही तिन्ही द्रव्ये सावळ्या आणि काळ्या त्वचेवर वर्षानुवर्षे लावली तर काय होते, याच्या नोंदी तेथील रुग्णालयांतून पन्नास वर्षांपासून प्रसिद्ध होत आल्या आहेत. त्या न वाचता तोच प्रयोग आपण आपल्या घरी करत आहोत.

आफ्रिकेतील अनुभव

त्वचा उजळ करण्याच्या या प्रकाराला सेनेगलमध्ये 'खेसल' म्हणतात, तर माली आणि आयव्हरी कोस्टमध्ये 'चाचो'. प्रत्येक भाषेत स्वतंत्र शब्द असणे हीच त्याच्या प्रसाराची खूण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये पाऱ्याविषयी काढलेल्या माहितीपत्रकात अशी उत्पादने नियमित वापरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण नायजेरियात ७७ टक्के, टोगोमध्ये ५९, दक्षिण आफ्रिकेत ३५, सेनेगलमध्ये २७ आणि मालीमध्ये २५ टक्के असे दिले होते. हे आकडे निरनिराळ्या पाहण्यांतून आलेले आहेत, त्यामुळे चोपन्न देशांच्या खंडाला त्यांतील एकच आकडा चिकटवणे योग्य नाही. पण ही सवय मूठभर हौशी बायकांची नाही, एवढे त्यांवरून नक्की कळते.

तिचे कारण नुसत्या हौसेत शोधू नये. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या राजवटीने १९५० मध्ये लोकसंख्या नोंदणी कायदा करून माणसांची वंशानुसार नोंद सुरू केली, आणि कोणी कोठे राहायचे, कोणते काम करायचे, कोणाशी लग्न करायचे हे त्या नोंदीवर अवलंबून राहिले. जेथे उजळ रंगाला अशी रोख किंमत असते, तेथे क्रीम विकत घेणारी बाई मूर्ख नसते. ती हिशेब करत असते. आपल्याकडील हिशेबही फारसा वेगळा नाही. मात्र रंगावरून हिणवण्याची सवय केवळ गोऱ्या साहेबाने आणली असे म्हणून आपल्याला मोकळे होता येत नाही. इथिओपियात जन्मलेल्या आणि निजामशाही सावरून धरणाऱ्या मलिक अंबराला जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत त्याच्या काळ्या रंगावरून शिव्या दिल्या आहेत, आणि तेव्हा इंग्रज सुरतेच्या वखारीत नुकते स्थिरावत होते.

आता द्रव्यांकडे येऊ. कोल्हापुरात चामड्याच्या धंद्याशी अनेकांचा पिढीजात संबंध आहे. त्यांना पुढील हकिगत विशेष वाटेल. अमेरिकेतील चामडे कमावण्याच्या एका कारखान्यात कामगारांच्या हातांवर आणि कोपरापर्यंत पांढरे चट्टे उठू लागले. त्यांपैकी अनेक जण कृष्णवर्णीय होते. शोध घेतल्यावर दोष चामड्याचा किंवा चुन्याचा नसून रबरी हातमोज्यांचा असल्याचे आढळले. रबर टिकावे म्हणून त्यात हायड्रोक्विनोनच्या कुळातील एक रसायन घातलेले होते, आणि तेच त्वचेतील रंग घालवत होते. ही नोंद १९३९ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे याच कुळातील हायड्रोक्विनोन गोरेपणाच्या क्रीममध्ये आले.

१९७२ मध्ये केनियातील नैरोबीच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विकाराच्या, म्हणजे लघवीतून प्रथिने वाहून जाऊन अंगावर सूज येणाऱ्या नेफ्रॉटिक सिंड्रोमच्या, साठ प्रौढ आफ्रिकी रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी बत्तीस जण पाऱ्याचा क्षार असलेली, त्वचा उजळणारी क्रीम वापरत होते. १९७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरियाच्या डॉक्टरांनी हायड्रोक्विनोन दीर्घकाळ लावणाऱ्यांच्या गालांवर निळसर काळे, खरखरीत डाग उठत असल्याचे वर्णन केले. या विकाराला ऑक्रोनोसिस म्हणतात. ज्या क्रीमने रंग उजळायचा तिनेच चेहरा कायमचा काळवंडतो, आणि तो काळवंडला म्हणून बाई आणखी क्रीम लावते, असे हे चक्र आहे.

दक्षिण आफ्रिकेने १९९० मध्ये अशा प्रसाधनांवर बंदी घातली आणि जाहिरातीत त्वचा गोरी किंवा उजळ करण्याचा दावा करण्यासही मनाई केली. असे करणारा तो जगातील पहिला देश ठरला. पुढे आयव्हरी कोस्टने २०१५ मध्ये आणि घानाने २०१६ मध्ये बंदीची पावले उचलली, आणि नंतर रवांडाने बाजारातून माल जप्त करण्याची मोहीम काढली. तरीही सीमा ओलांडून माल येतच राहिला, आणि नायजेरियातील लागोससारख्या शहरात विक्रेते स्वतःच बादलीत क्रीम घोटून 'ऑरगॅनिक' म्हणून विकू लागले. कायद्याने दुकानाची फळी रिकामी करता येते, पण मागणी तशीच राहिली तर माल मागच्या दाराने येतो. म्हणूनच या लेखात कायद्यापेक्षा लेबल वाचण्यावर आणि घरातील बोलण्यावर अधिक भर दिला आहे.

हे आफ्रिकेचे झाले, आपले काय, असे कोणी विचारील. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातील एकाच घरातील तीन महिलांच्या मूत्रपिंडाच्या विकाराची बातमी आली होती. पार्लरमधून घेतलेली एक स्थानिक क्रीम तिघीही वापरत होत्या, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात केलेल्या तपासणीत त्या क्रीममध्ये पारा सापडला. त्याच सुमारास केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातूनही गोरेपणाच्या क्रीमशी जोडलेल्या मूत्रपिंडविकाराचे रुग्ण नोंदले गेले. नैरोबी आणि अकोला यांच्यामध्ये पन्नास वर्षे आहेत. मूत्रपिंडाला होणारी इजा तीच आहे.

डबी आणि ट्यूब कशी वाचावी

सर्वप्रथम हातातील वस्तू औषध आहे की प्रसाधन, हे ठरवावे. औषधाच्या ट्यूबवर घटकांची नावे टक्केवारीसह छापलेली असतात, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधावर लाल रेघ, 'आरएक्स' ही खूण आणि अनुसूची 'एच'ची सूचना असते. ही लाल रेघ दिसली की ती वस्तू शेजारणीच्या सांगण्यावरून लावायची नाही, एवढा एकच नियम पाळला तरी निम्मे नुकसान टळेल. त्वचेवर लावायच्या स्टेरॉइड मलमांना पूर्वी या अनुसूचीतून सूट होती. २०१८ मध्ये ती काढून घेण्यात आली, आणि तेव्हापासून ही मलमे चिठ्ठीशिवाय विकणे हा गुन्हा आहे. आमच्या व्यवसायातील सगळेच हे पाळत नाहीत. मीही आधीच्या वर्षांत, मागेल त्याला ट्यूब देत असे, आणि त्या काळातील काही चेहरे मला आजही रस्त्यात भेटतात.

स्टेरॉइड ओळखण्याची सोपी खूण म्हणजे नावाचा शेवट. बीटामेथासोन, मोमेटासोन, डेक्सामेथासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन अशी ही नावे असतात, 'सोन', 'सॉल' किंवा 'लोन' अशी अखेर दिसली तर दुकानदाराला थेट विचारावे, "यात स्टेरॉइड आहे का?" उत्तर देताना तो घुटमळला तर ट्यूब परत करावी. यांपैकी क्लोबेटासॉल सर्वांत जहाल गटातील आहे, आणि ते चेहऱ्यावर गोरेपणासाठी लावण्याचे कोणतेही वैद्यकीय कारण नाही. बुरशीनाशक, जंतुनाशक आणि स्टेरॉइड अशी तीन-चार औषधे एकत्र असलेली, गजकर्णासाठी म्हणून मिळणारी मलमेही कित्येक घरांत चेहऱ्यावर लावली जातात. त्यांतही क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन असू शकते.

प्रसाधन असेल तर त्यावर उत्पादकाचे पूर्ण नाव व पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी असायला हवी. परदेशी मालावर आयातदाराचे नाव आणि आयात नोंदणीचा क्रमांक हवा. महाद्वार रोडला गर्दीत उभे राहून बारीक अक्षरे वाचणे अवघड असते हे मला मान्य आहे. मोबाइलने फोटो काढावा, तो मोठा करून घरी वाचावा आणि खरेदी दुसऱ्या दिवशी करावी. ज्या डबीवर यांपैकी काहीच नाही, नुसता गोऱ्यापान बाईचा फोटो आणि 'सात दिवसांत फरक' एवढेच आहे, ती डबी फुकट मिळाली तरी घेऊ नये. सेनेगलच्या डकार शहरात २०१२ साली अशाच एका क्रीमची पंधरा दिवसांच्या वायद्याची मोठमोठी फलके लागली होती. तेथील नागरिक एवढे संतापले की 'गडद काळी' या अर्थाच्या, वोलोफ या तेथील भाषेतल्या शब्दांची उलट मोहीम त्यांनी उभी केली.

पाऱ्याची गोष्ट वेगळी आहे, कारण तो लेबलवर बहुधा लिहिलेलाच नसतो. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने सोडली तर इतर प्रसाधनांत नकळत आलेला पारा दहा लाख भागांत एका भागापेक्षा अधिक चालत नाही, आणि पाऱ्याचा वापर आटोक्यात आणण्यासाठी झालेल्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारातील देशांनी २०२३ मध्ये पारा घातलेली सर्वच सौंदर्यप्रसाधने २०२५ पर्यंत बंद करण्याचे ठरवले. तरीही पाकिस्तान, थायलंड आणि चीनमध्ये बनलेल्या अनेक क्रीममध्ये चाचण्यांत त्याच्या हजारो पट पारा सापडत आला आहे. लेबलवर 'कॅलोमेल', 'मर्क्युरस क्लोराइड', 'अमोनिएटेड मर्क्युरी', 'मर्क्युरिक आयोडाइड' किंवा नुसते 'मर्क्युरिओ' असे काही दिसले तर तो पाराच समजावा. क्रीमचा रंग राखाडी किंवा पिवळट असणे हीदेखील शंकेची जागा आहे.

याखेरीज एक खूण कोल्हापूरकरांना विशेष उपयोगी पडेल. अशा काही डब्यांवर 'सोने, चांदी, रबर किंवा ॲल्युमिनियम यांना लागू देऊ नये' अशी सूचना असते. पारा सोन्याचांदीला चढतो हे गुजरीतील सराफाला किंवा हुपरीच्या कारागिराला समजावून सांगावे लागत नाही. जी क्रीम साजाच्या पानड्यांना लागली तर दागिना खराब होईल म्हणून जपायचे, ती खालच्या गळ्याला मात्र रोज चोळायची, यातील विसंगती घरातील मोठ्या बायकांना इतर कोणत्याही युक्तिवादापेक्षा लवकर पटते, असा माझा अनुभव आहे. याचा अर्थ अंगठीवर क्रीम घासून परीक्षा घ्यावी असा नाही. पारा आहे की नाही, हे प्रयोगशाळेतच कळते.

पार्लरमध्ये ज्याला 'ब्लीच' म्हणतात ते यांपैकी नव्हे. त्याने चेहऱ्यावरची लव पिवळी होते, त्वचेतील रंग बदलत नाही; जास्त वेळ ठेवले तर कातडी भाजते, तो वेगळा विषय. काळजी करायची ती पार्लरमधून बिननावाच्या डबीत भरून मिळणाऱ्या 'फॉर्म्युला क्रीम'ची. तिच्यात काय आहे हे विकणारीलाही माहीत नसते, कारण तिने ती दुसऱ्या कोणाकडून किलोवर घेतलेली असते.

गोरेपणाची इंजेक्शने आणि गोळ्या यांबद्दल थोडक्यात सांगतो: ग्लुटाथायोनची शिरेतून दिली जाणारी इंजेक्शने गोरेपणासाठी घेऊ नयेत. घानाच्या अन्न व औषध प्राधिकरणाला तर २०१८ मध्ये गर्भवती स्त्रियांना असा इशारा द्यावा लागला होता, की पोटातील बाळ गोरे व्हावे म्हणून या गोळ्या घेऊ नका. हे वाचून हसण्यापूर्वी आपल्याकडील केशरदूध आठवावे. केशराने बाळाचा रंग बदलत नाही. दूध पौष्टिक असते म्हणून ते प्यावे, आणि केशराचे पैसे फळांवर खर्च करावेत.

चेहरा काय सांगतो

प्रत्येक माणसाच्या त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. नैरोबीची बाई, कोल्हापूरची बाई आणि लंडनची बाई यांच्यातील फरक पेशींच्या संख्येत नसून त्या पेशी मेलॅनिन हे रंगद्रव्य किती, केवढ्या आकाराच्या कणांत आणि कसे पसरवतात यात आहे. हे मेलॅनिन उन्हातील अतिनील किरण अडवते. काळ्या त्वचेचे नैसर्गिक संरक्षण मोजले गेले तेव्हा ते सनस्क्रीनच्या भाषेत, म्हणजे एसपीएफमध्ये, सुमारे १३ भरले, तर गोऱ्या त्वचेचे सुमारे ३. ज्या ऊसतोड मजूर बाईच्या गालावर दिवसभर ऊन पडते, तिच्या गालावरचे हे छत्र काढून घेणारी क्रीम तिला विकणे, हे मला औषधविक्रीत बसत नाही.

स्टेरॉइडचे नुकसान ओळखण्याच्या खुणा अशा: गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागतात, त्वचा कागदासारखी पातळ आणि चकचकीत होते, तिशी उलटल्यावर अचानक मुरुमे येतात, गालांवर आणि हनुवटीवर लव वाढते, आणि उन्हात किंवा चुलीसमोर उभे राहिले की चेहरा भाजल्यासारखा जळजळतो. सर्वांत मोठी खूण म्हणजे क्रीम दोन दिवस चुकली की चेहरा लाल होतो आणि लावली की शांत होतो. व्यसन म्हणतात ते हेच. आपल्याकडे बहुतेक जण क्रीम चेहऱ्यापुरतीच लावतात. आफ्रिकेच्या अनेक भागांत ती सर्वांगाला लावली जाते, आणि तेवढे स्टेरॉइड रक्तात उतरल्यामुळे रक्तदाब, मधुमेह आणि जखम लवकर न भरणे अशा तक्रारी उद्भवतात. आता येथेही 'बॉडी व्हाइटनिंग'च्या नावाने हातापायांना लावण्याची पद्धत सुरू झाली आहे, म्हणून हे सांगून ठेवले.

पाऱ्याची लक्षणे चेहऱ्यावर शोधू नयेत. सकाळी पापण्या सुजणे, पायांवर सूज, लघवीला फेस येणे, हात थरथरणे, झोप उडणे, चिडचिड वाढणे, बोटांना मुंग्या येणे, यांपैकी काही दिसले आणि घरात गोरेपणाची क्रीम असली तर त्या दोन गोष्टी एकत्र डॉक्टरांच्या कानावर घालाव्यात. त्यांनी विचारले नाही तरी सांगाव्यात, कारण "क्रीम लावता का?" हा प्रश्न पायाच्या सुजेसाठी आलेल्या बाईला सहसा कोणी विचारत नाही.

थांबवायची कशी

येथे सर्वांत अधिक चुका होतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पाऱ्याची शंका असलेली क्रीम त्याच क्षणी बंद करावी. ती हळूहळू कमी करण्याची गरज नसते. डबी झाकण घट्ट लावून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावी आणि तपासणीसाठी डॉक्टरांकडे न्यावी. ती कचऱ्यात किंवा मोरीत टाकू नये, आणि जाळू तर मुळीच नये, कारण पाऱ्याची वाफ श्वासातून आत जाते. उशीचे अभ्रे, टॉवेल आणि रुमाल वेगळे धुवावेत. क्रीम लावणारी एकटी असली तरी तिच्या कुशीत झोपणाऱ्या लहान मुलाच्या अंगात पारा जाऊ शकतो, त्यामुळे तपासणी दोघांचीही करून घ्यावी. लघवीतील प्रथिनांची साधी चाचणी स्वस्त असते आणि ती आधी होऊ शकते. लघवीतील पाऱ्याची चाचणी डॉक्टर सुचवतील तशी करावी. नैरोबीच्या त्या रुग्णांपैकी कित्येकांचा आजार क्रीम थांबवल्यावर ओसरला होता, तेव्हा उशीर झाला असे समजून घरी बसू नये.

स्टेरॉइडचे उलट आहे. काही दिवसच लावले असेल तर थांबवल्याने विशेष काही होत नाही. पण कित्येक महिने रोज लावले असेल, किंवा सर्वांगाला लावले असेल, तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. चेहऱ्यावर लाली, जळजळ आणि मुरुमांची लाट उसळते, आणि सर्वांगाला वापरलेले असेल तर शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे मंदावलेले असते, त्यामुळे थकवा, चक्कर, उलट्या असा त्रास होऊ शकतो. त्वचारोगतज्ज्ञ परिस्थिती पाहून सौम्य स्टेरॉइडवर आणतात, दिवस कमी करतात किंवा स्टेरॉइड नसलेले दुसरे औषध देतात. खासगी फी परवडत नसेल तर सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, त्वचाविभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात दाखवावे. जाताना ट्यूब, तिचे खोके आणि क्रीम लावण्यापूर्वीचा एखादा फोटो बरोबर न्यावा. किती दिवस, किती वेळा लावली हे खरे सांगावे; "कधीमधी लावत होते" असे सांगितले तर उपचारही कधीमधीच लागू पडतात.

मधला काळ कठीण असतो. लाली काही आठवडे, कधी काही महिनेही टिकते, आणि याच काळात घरातील लोक म्हणतात की क्रीम होती तेव्हा बरी दिसत होतीस. या काळात चेहऱ्याला सौम्य साबण किंवा नुसते पाणी, वर व्हॅसलीनसारखे साधे मलम, आणि जळजळ झाली तर थंड पाण्याची ओली घडी, एवढेच असावे. डाळीचे पीठ, हळद, लिंबू, मुलतानी माती, कोरफड, टोमॅटो यांपैकी काहीही लावू नये. निरोगी कातडीला जे चालते ते सोललेल्या कातडीला झोंबते. फेशियल, ब्लीच आणि थ्रेडिंग पुढे ढकलावे. लग्न महिन्यावर आलेले असताना ट्यूब बंद करणे किती अवघड आहे हे मला कळते, आणि म्हणूनच ती लग्न सहा महिन्यांवर असताना डॉक्टरांना दाखवावी.

हायड्रोक्विनोन हे योग्य हातात उपयोगी औषध आहे. वांगावर ते मर्यादित काळ, फक्त डागावर लावले जाते आणि मग विश्रांती दिली जाते. संपूर्ण चेहऱ्याला, वर्षभर आणि सनस्क्रीनशिवाय लावणे हा त्याचा गैरवापर होय. गालाच्या हाडावर निळसर करडी झाक किंवा खरखरीत बारीक दाणे दिसू लागले तर ते लगेच थांबवावे. ऑक्रोनोसिस वाढला की तो घालवणे फार कठीण असते.

औषधाने असा काही अपाय झाला असेल तर भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर तो कोणालाही नोंदवता येतो. बिनपरवाना क्रीमची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करावी. पावती नसली तरी डबी पुरावा ठरते, म्हणून ती सांभाळून ठेवावी.

ज्याला खरोखर उपचार लागतो

रंग आणि डाग यांत फरक आहे. दोन्ही गालांवर आणि कपाळावर फुलपाखराच्या आकाराचे तपकिरी डाग आले असतील तर ते वांग असण्याची शक्यता असते. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमुळेही ते येतात. त्यांवर पहिला उपचार सनस्क्रीन आहे. दोन बोटांच्या लांबीएवढे, एसपीएफ ३० किंवा अधिक, चेहरा आणि मान मिळून लावावे, आणि उन्हातच राहायचे असेल तर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे. स्कूटीवर बांधलेला स्कार्फ उपयोगी पडतो, पण तेवढ्याने भागत नाही.

मानेवर, काखेत जाड, मखमलीसारखा काळेपणा आला असेल तर तो घासून जाणार नाही. दगडाने, लिंबाने आणि क्रीमने मान सोलून घेतलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. पुष्कळदा तो इन्शुलिन नीट काम करत नसल्याचा इशारा असतो. अशा वेळी मान घासणे सोडून रक्तातील साखर तपासावी आणि वजनाकडे पाहावे.

मात्र संपूर्ण अंगाचा मूळ सावळा रंग हा आजार नाही, आणि त्यावर उपचार मागायला आलेल्याला मी आता काहीही विकत नाही. धंद्याचे नुकसान होते. समोरच्या दुकानात तेच मिळते, हेही मला माहीत आहे.

घरातील बोलणे

आपल्याकडे स्थळ सांगताना एक वाक्य हमखास येते: मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे. या वाक्यातील 'पण' सर्वांत महाग पडतो. आमच्या दुकानातील ट्यूब खपवणारा शब्द तोच आहे. तो काढून पाहावा. 'मुलगी सावळी आहे, नाकीडोळी नीटस आहे' हे वाक्य व्याकरणाने पूर्ण आहे आणि त्यात कोणी कोणाची माफी मागत नाही. घरात ज्या आत्याबाई किंवा काकी हे वाक्य बोलतात त्यांच्याशी वाद घालू नये. त्यांच्याच तोंडून अंबाबाईच्या काळ्या पाषाणातील मूर्तीचे आणि सावळ्या विठोबाचे कौतुक निघाले की त्या वेळी हळूच म्हणावे, "आत्या, हितं 'पण' न्हाई म्हणालीस." बहुतेक आत्या हसतात, काही रागावतात, आणि त्यांनाही मुद्दा कळलेला असतो.

लहान मुलींसमोर बाळाच्या रंगाची तुलना करू नये, हे सांगायला सोपे आणि बारशाच्या दिवशी पाळायला अवघड असते. "बापावर गेलंय, काळं आहे" असे कोणी म्हणाले तर पाळण्यापाशी उभ्या असलेल्या मोठ्या बहिणीकडे एकदा पाहावे. ती स्वतःचा हात निरखत असते. लुपिता न्योंगो ही केनियाची अभिनेत्री २०१४ मध्ये एका समारंभात म्हणाली होती, की लहानपणी ती रोज रात्री देवाकडे सकाळी उजळ होऊन उठण्याचे मागणे मागत असे, आणि दक्षिण सुदानची काळीभोर मॉडेल अलेक वेक नामवंत झालेली पाहिल्यावर तिला आपल्याकडे निराळ्या नजरेने पाहता आले. आपल्या मुलींना तशी नजर द्यायला अलेक वेकची गरज नाही. घरातील सावळ्या आजीचा तरुणपणीचा फोटो माळ्यावरून काढून दिवाणखान्यात लावला तरी पुष्कळ होते.

बायोडाटा करताना 'वर्ण' हा रकानाच ठेवू नये. छापखान्याच्या तयार नमुन्यात तो असतो, पण सांगितल्यास ते काढून देतात. उंची, शिक्षण, नोकरी, रक्तगट हे राहू द्यावे. रक्तगट निदान कधीतरी उपयोगी पडतो. फोनवर पलीकडून "मुलगी रंगानं कशी आहे?" असे विचारले गेले तर 'गव्हाळ', 'निमगोरी', 'उजळ' अशा शब्दांच्या आडोशाला जाऊ नये. "सावळी आहे," एवढे सांगून थांबावे आणि पुढील वाक्य त्यांना बोलू द्यावे. ज्यांना फोन ठेवायचा असेल ते येथेच ठेवतात, आणि पोहे वाचतात.

फोटोचे मात्र आधी बोलून घ्यावे लागते. चेहरा उजळ करू नका, हे स्टुडिओवाल्याला फोटो काढण्यापूर्वीच सांगावे, कारण नंतर सांगायला जावे तर त्याने तो आधीच केलेला असतो.